डिस्क आली, मशीन मागे राहिलं: वागळे इस्टेटमधल्या दोन लिनक्स व्हीएमचं स्थलांतर

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधला एक मध्यम आकाराचा मशीनिंगचा कारखाना. ऑफिसच्या पोटमाळ्यावर एक जुना सर्व्हर, त्यावर व्हीएमवेअरचं ईएसएक्सआय, म्हणजे एका सर्व्हरवर अनेक आभासी मशीन चालवणारा हायपरवायझर, आणि त्यात दोन लिनक्स व्हर्च्युअल मशीन (व्हीएम). एकावर हिशेब आणि चलनं सांभाळणारं ईआरपी सॉफ्टवेअर, दुसऱ्यावर ड्रॉइंग ठेवायचा फाइल सर्व्हर. सर्व्हरचा एक पॉवर सप्लाय आधीच गेला होता, डिस्का सांभाळणाऱ्या रेड (RAID) कार्डची बॅटरी फुगली होती आणि त्या मॉडेलचे सुटे भाग आता फक्त जुन्या बाजारात मिळत होते. मालकांनी नवीन सर्व्हर घेतला. त्यावर प्रॉक्समॉक्स हा दुसरा हायपरवायझर बसवून दोन्ही व्हीएम तिकडे न्यायच्या, एवढंच काम.

ते कधी करायचं हे जीएसटीने ठरवलं. ११ तारखेपर्यंत जीएसटीआर-१ आणि २० तारखेपर्यंत ३बी ही विवरणपत्रं भरायची. त्याआधी ईआरपीला हात लावायचा नाही, असं अकाउंट्सच्या मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि त्यांचं बरोबर होतं. म्हणून २० तारखेनंतरचा पहिला शनिवार धरला. सुरुवात संध्याकाळी, आणि सोमवारी सकाळी भिवंडीचा टेम्पो गेटबाहेर पडायच्या आत चलन आणि ई-वे बिल छापून निघालं पाहिजे.

डिस्कच्या फाइली कॉपी करणं हा यातला सगळ्यात बिनडोक भाग. व्हीएमडीके फाइल, म्हणजे व्हीएमची डिस्क, नव्या सर्व्हरवर आणायची, ‘क्यूएम डिस्क इंपोर्ट’ चालवायचं आणि थांबायचं. शनिवारी रात्री उशिरापर्यंत सगळ्या डिस्का नव्या जागी होत्या, एकही बाइट इकडचा तिकडे झाला नव्हता. तरी दोन्हीपैकी एकही व्हीएम उठली नाही, आणि दोघींची न उठण्याची कारणं अगदी वेगळी होती. हे प्रकरण लिहून काढावंसं वाटलं ते त्यासाठीच. आपण व्हीएम म्हणजे तिची डिस्क असं धरून चालतो. पण बूट होण्यासाठी लागणारी थोडीशी माहिती डिस्कच्या बाहेर, हायपरवायझरकडे असते. आणि डिस्कच्या आत अशी बरीच माहिती असते जी जुन्या हायपरवायझरला डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेली असते. डिस्क हलवली की पहिली मागे राहते आणि दुसरी शिळी होते.

पहिली व्हीएम: फाइल सर्व्हर

हा डेबियन १२, लिनक्सचा एक प्रकार. आधीच्या एजन्सीने दिलेल्या तक्त्यात दोन्ही व्हीएमपुढे ‘बायोस’ लिहिलेलं. बायोस आणि यूईएफआय हे फर्मवेअरचे, म्हणजे मशीन चालू होताच सगळ्यात आधी चालणाऱ्या प्रोग्रामचे, जुना आणि नवा असे दोन प्रकार. प्रॉक्समॉक्समध्ये नवी व्हीएम बनवताना काही न बदलता पुढे पुढे गेलं की फर्मवेअर म्हणून सीबायोस, म्हणजे बायोसच मिळतं, त्यामुळे तक्ता आणि डीफॉल्ट यांचं छान जमलं. व्हीएम चालू केली. पडद्यावर ‘बूटिंग फ्रॉम हार्ड डिस्क’ आलं आणि तिथेच थांबलं. एरर नाही, बीप नाही, काही नाही.

या शांततेतच निदान आहे. डिस्कवर बूट करण्यासारखं काहीच नाही असं सीबायोसला वाटलं असतं, तर त्याने तसं स्पष्ट सांगितलं असतं. इथे त्याला वाटत होतं की डिस्क बूटेबल आहे. का वाटलं ते पाहायला पहिला सेक्टर उघडला. ५१२ बाइट्सच्या या सेक्टरमध्ये पहिले ४४६ बाइट बूट कोडसाठी, पुढचे ६४ बाइट चार पार्टिशनच्या नोंदींसाठी, म्हणजे प्रत्येकी १६, आणि शेवटचे दोन बाइट ‘५५ एए’ ही सही. आमच्या डिस्कवर सही होती, कोडच्या जागी नुसती शून्यं होती, आणि नोंद एकच, ‘ईई’ प्रकारची. एमबीआर ही पार्टिशनची यादी ठेवायची जुनी पद्धत, जीपीटी ही नवी; हा जीपीटी डिस्कच्या तोंडावर असणारा राखणदार एमबीआर. जुन्या साधनांना डिस्क रिकामी वाटून त्यांनी ती पुसून टाकू नये, एवढ्यासाठी तो असतो. सीबायोसने सही पाहिली, त्यावर विश्वास ठेवून कोडमध्ये उडी मारली आणि शून्यांत जाऊन हरवला.

म्हणजे ही व्हीएम मुळात यूईएफआयवर बसवलेली. पार्टिशनची यादी पाहिल्यावर शंकाच उरली नाही: पहिलं ५१२ एमबीचं फॅट३२ पार्टिशन, म्हणजे यूईएफआय बूटलोडर जिथे शोधतं ते ईएसपी, दुसरं एक्स्ट४ची रूट, म्हणजे मुख्य फाइलसिस्टिम, तिसरं शेवटी, जेमतेम एक जीबीचा स्वॅप (मेमरी कमी पडली की वापरायची जागा). डेबियन १२च्या इन्स्टॉलरला ‘सगळं एकाच पार्टिशनमध्ये’ म्हणून सांगितलं की यूईएफआय मशीनवर तो नेमकी हीच मांडणी करतो. जुन्या सर्व्हरवरची व्हीएमएक्स फाइल उघडली तर त्यातही ‘फर्मवेअर = ईएफआय’ अशी ओळ सरळ लिहिलेली होती. अशा कामात हँडओव्हरचा तक्ता वाचावा, पण मानू नये. चालू व्हीएमच्या आत ‘/सिस/फर्मवेअर/ईएफआय’ ही डिरेक्टरी आहे की नाही एवढं बघितलं तरी उत्तर मिळतं.

फर्मवेअर बदलून ओव्हीएमएफ, म्हणजे प्रॉक्समॉक्समधलं यूईएफआय, केलं, त्याला लागणारी छोटी ईएफआय डिस्क जोडली. परत चालू. आता प्रॉक्समॉक्सचा लोगो आला, डिस्कवरून बूट होता येत नाही अशी एक ओळ चमकली आणि फर्मवेअर नेटवर्कवरून बूट शोधायला निघालं. माझी सहकारी ऐरोलीहून आलेली, तिचं पहिलं वाक्य होतं, “ईएसपी करप्ट झालं असेल.” तसं नव्हतं. ईएसपी धडधाकट होतं आणि त्यात ‘ईएफआय/डेबियन’ फोल्डरमध्ये लिनक्सला सुरू करणारा बूटलोडर ग्रब आणि त्याच्या आधी चालणारा छोटा शिम, दोन्ही व्यवस्थित पडलेले होते. फक्त ते तिथे आहेत हे फर्मवेअरला कुणी सांगितलेलं नव्हतं.

यूईएफआयमध्ये ‘डेबियन या नावाची बूट नोंद, अमुक पार्टिशन, अमुक फाइल’ ही माहिती डिस्कवर नसते, एनव्हीरॅममध्ये असते. खऱ्या मशीनमध्ये ती मदरबोर्डवरच्या चिपमध्ये राहते, व्हीएममध्ये हायपरवायझर ती एका वेगळ्या फाइलीत किंवा छोट्या डिस्कमध्ये ठेवतो. सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन बदलला आणि त्याची वहीही नवी आली, तर पाहुण्याला कुठल्या विंगमध्ये पाठवायचं हे त्याला कळणार नाही, घर जागेवर असलं तरी. आमची ईएफआय डिस्क अशीच कोरी वही होती.

वही कोरी असली तर यूईएफआयकडे एक ठरलेला पत्ता असतो: ईएसपीवरची ‘ईएफआय/बूट/बूटएक्स६४.ईएफआय’ ही फाइल. पेनड्राइव्हवरून बूट होतं ते याच वाटेने. रेड हॅट घराण्यातले इन्स्टॉलर तिथे आपलं शिम आपणहून ठेवतात, शिवाय हरवलेली नोंद परत लिहिणारा एक छोटा प्रोग्रामही. डेबियन मात्र नेहमीच्या इन्स्टॉलमध्ये त्या सामाईक जागेला हात लावत नाही, कारण एकाच मशीनवर दुसरी सिस्टिम असली तर तिची फाइल पुसली जाऊ नये. तत्त्व म्हणून योग्य. व्हीएममध्ये मात्र दुसरी सिस्टिम जवळपास कधीच नसते, त्यामुळे इथे ही भिडस्तपणाची सवय फक्त त्रास देते, असं माझं मत आहे.

दुरुस्ती सोपी. लोगो दिसताच एस्केप दाबून फर्मवेअरच्या मेनूत जायचं, बूट मेंटेनन्समधून ‘बूट फ्रॉम फाइल’ निवडायचं, ईएसपी उघडून ‘ईएफआय’, त्यात ‘डेबियन’, त्यात ‘शिमएक्स६४.ईएफआय’. ग्रबचा मेनू आला. ईएसपीवरच्या ग्रबची सेटिंग फाइल तीनच ओळींची असते. रूटच्या यूयूआयडीवरून, म्हणजे फाइलसिस्टिमच्या कायमच्या ओळख क्रमांकावरून, ती खरी ‘/बूट/ग्रब’ शोधते, त्यामुळे डिस्कचं नाव बदललं तरी तिला फरक पडला नाही.

फरक पडला तो त्याच्या पुढे. कर्नल चालू झाला, रूट सापडली, सेवा सुरू व्हायला लागल्या आणि मग ती ओळख असलेली ओळ: अमुक डिव्हाइससाठी थांबलो आहे, मर्यादा दीड मिनिट. त्या डिव्हाइसचं नाव एसडीबी१. ड्रॉइंगची डिस्क नंतर कधीतरी हाताने जोडलेली, आणि जोडणाऱ्याने एफएसटॅबमध्ये, म्हणजे कुठली डिस्क कुठे जोडायची त्या यादीत, यूयूआयडीऐवजी सरळ ‘/डेव्ह/एसडीबी१’ लिहिलेलं. नव्या जागी या व्हीएमच्या दोन्ही डिस्का व्हर्टआयओ ब्लॉक, म्हणजे व्हीएमसाठीच बनवलेल्या आभासी डिस्क, म्हणून जोडल्या होत्या, म्हणजे त्यांची नावं व्हीडीए आणि व्हीडीबी. एसडीबी नावाचं काही अस्तित्वातच नव्हतं. ९० सेकंद संपले, सेवा सुरू करणाऱ्या सिस्टमडीने इमर्जन्सी मोडमध्ये नेलं, आणि तिथे आणखी एक कुलूप: रूट खातं बंद आहे, कन्सोल उघडता येत नाही. डेबियन बसवताना रूटचा पासवर्ड रिकामा सोडला की सुडोवालं खातं बनतं आणि रूट लॉक होतं. रोजच्या वापराला हे चांगलंच. पण इमर्जन्सी शेलला नेमका रूटचाच पासवर्ड लागतो.

यातून बाहेर पडायचा रस्ता ग्रबमधून. मेनूवर ‘ई’ दाबून कर्नलच्या ओळीच्या शेवटी ‘इनिट=/बिन/बॅश’ जोडायचं, मिळालेल्या शेलमध्ये रूट लिहिण्यायोग्य करून रीमाउंट करायची, एफएसटॅब दुरुस्त करायचं, सिंक, आणि जबरदस्तीचं रीबूट. एसडीबी१ काढून यूयूआयडी टाकला, सोबत ‘नोफेल’ जोडलं, म्हणजे ही डिस्क नसली तरी मशीन निदान उठेल. (या नोफेलचं एक दुखणं नंतर निघालं, ते पुढे.)

आता मशीन उठलं, पण नेटवर्कवर दिसेना. ईएसएक्सआयवर नेटवर्क कार्डाचं नाव ईएनएस१९२ होतं, इथे ईएनएस१८. सेटिंग फाइलीत नाव बदलल्यावर पिंग सुरू झालं. दूरून काम करणाऱ्याला मात्र हे मशीन मेलेलंच वाटलं असतं, म्हणून स्थलांतराच्या दिवशी एसएसएचवर अवलंबून राहू नये, कन्सोल उघडा ठेवावा.

शेवटी ‘डीपीकेजी-रिकन्फिगर ग्रब-ईएफआय-एएमडी६४’ चालवून, काढता येण्याजोग्या माध्यमाच्या जागीही ग्रब ठेवायचा का या प्रश्नाला हो म्हटलं. ‘ईएफआयबूटएमजीआर’ने नोंद तयार झाल्याची खात्री केली. मग मुद्दाम ईएफआय डिस्क काढून टाकली, कोरी जोडली आणि पुन्हा बूट केलं. उठलं. ही शेवटची चाचणी बरेच लोक करत नाहीत, आणि खरी तीच आहे.

दुसरी व्हीएम: ईआरपी

रविवारी मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक. सहकारी ट्रान्स-हार्बरने ठाण्यापर्यंत आली, तिथून रिक्षाने. मालक स्वतः दहाच्या सुमारास येऊन गेले. “सर, उद्याची गाडी निघेल ना?” एवढंच विचारलं. निघेल म्हणून सांगितलं, कारण जुना सर्व्हर अजून तसाच होता आणि काहीच जमलं नाही तर तो परत चालू करता आला असता. तोवर त्याच्यावरची मूळ व्हीएम बंद ठेवायची, पण पुसायची नाही, हा नियम आम्ही सोडत नाही.

ईआरपीची व्हीएम सेंटओएस ७, म्हणजे रेड हॅट घराण्यातली. तिचा सपोर्ट ३० जून २०२४ ला संपला आहे, पण ईआरपी देणारा विक्रेता अजून नव्या आवृत्तीवर आलेला नव्हता. इथे तक्ता खरा निघाला: बायोस, एमबीआर, पहिलं ५०० एमबीचं /बूट, दुसऱ्यात एलव्हीएम (डिस्कची जागा वाटून देणारा थर) आणि त्यावर एक्सएफएस.

चालू केल्याबरोबर ग्रबचा मेनू आला. कर्नल लोड झाला. मग ‘ड्रॅकट-इनिटक्यू टाइमआउट’ची ओळ पुन्हा पुन्हा छापली जाऊ लागली, आणि काही मिनिटांनी ‘/डेव्ह/मॅपर/सेंटओएस-रूट अस्तित्वात नाही’ असं म्हणून ड्रॅकटचं, म्हणजे बूटच्या सुरुवातीच्या टप्प्याचं, शेल. तिथे डिस्कांची यादी मागितली तर रिकामी.

हा प्रसंग नव्या माणसाला चक्रावून टाकतो. ग्रब त्याच डिस्कवरून आला, कर्नल त्याच डिस्कवरून वाचला गेला, आणि आता कर्नल म्हणतो डिस्कच नाही? दोघेही खरं बोलत असतात. बायोसवर ग्रब सहसा स्वतःचा ड्रायव्हर वापरत नाही. तो बायोसला सांगतो, ‘अमुक सेक्टर दे’, आणि सीबायोसला व्हर्टआयओची भाषा येते. कर्नल मात्र एकदा ताबा घेतला की बायोसकडे परत जात नाही. त्याला डिस्कशी स्वतः बोलायचं असतं, त्यासाठी ड्रायव्हर लागतो, ड्रायव्हर रूट फाइलसिस्टिमवर असतो आणि रूट त्या डिस्कवर. या गुंत्यावरचं उत्तर म्हणजे इनिटरॅमएफएस: कर्नलसोबत ग्रबच मेमरीत आणून ठेवतो ती छोटी फाइलसिस्टिम, जिच्यात रूट गाठण्यापुरते ड्रायव्हर असतात.

‘गाठण्यापुरते’ म्हणजे किती, इथे दोन घराण्यांचे रस्ते वेगळे होतात. डेबियन बहुतेक सगळे स्टोरेज ड्रायव्हर भरून ठेवतो, म्हणून शनिवारी आम्हाला ही अडचण जाणवलीच नाही. सेंटओएस ७ मधला ड्रॅकट मात्र इनिटरॅमएफएस ‘होस्ट-ओन्ली’ पद्धतीने बांधतो: या मशीनला आज जे लागतं तेवढंच. फाइल लहान होते, बूट जलद होतं. पण ‘या मशीनला’ याचा अर्थ इथे व्हीएमवेअरचा पीव्हीस्कझी डिस्क कंट्रोलर असा होता. व्हर्टआयओचा ड्रायव्हर डिस्कवर होता, इनिटरॅमएफएसमध्ये नव्हता.

याच्यासाठी सेंटओएसने एक पळवाट ठेवलेली असते. ग्रबच्या मेनूत सर्वात खाली ‘० रेस्क्यू’ नावाची नोंद असते, तिचा इनिटरॅमएफएस होस्ट-ओन्ली नसतो, त्यात सगळे ड्रायव्हर असतात. त्यातून बूट करून नेहमीच्या कर्नलचा इनिटरॅमएफएस परत बांधायचा. ते करताना ड्रॅकटला कर्नलची आवृत्ती स्पष्ट सांगावी लागते, नाहीतर तो चालू असलेल्या म्हणजे रेस्क्यू कर्नलसाठीच बांधून मोकळा होतो, आणि पुढच्या बूटला तुम्ही परत तिथेच.

आमच्या मेनूत रेस्क्यू नव्हतं. ५०० एमबीच्या /बूटमध्ये कर्नल साचत गेलेले, जुने किती ठेवायचे ती मर्यादा कुणीतरी वाढवून ठेवलेली, आणि जागा संपल्यावर कुणीतरी त्या डिरेक्टरीतली सगळ्यात मोठी फाइल शोधून उडवलेली. सगळ्यात मोठी फाइल रेस्क्यूचीच असते. उडवणाऱ्याला ती बिनकामाची वाटली असणार, कारण ती लागते ती अशाच एखाद्या दिवशी.

सिस्टमरेस्क्यूची आयएसओ लावून, एलव्हीएम चालू करून, चेंजरूटने आपल्या सिस्टिमच्या आत शिरून इनिटरॅमएफएस बांधता आला असता. तो राजमार्ग आहे आणि कुठेही चालतो. पण प्रॉक्समॉक्सवर त्याहून सोपा रस्ता आहे, तो आम्ही धरला. तिथल्या स्कझी कंट्रोलरच्या यादीत ‘व्हीएमवेअर पीव्हीस्कझी’ हाही पर्याय आहे. प्रॉक्समॉक्सच्या आतलं क्यूईएमयू त्या कंट्रोलरचं हुबेहूब सोंग घेतं. कंट्रोलर बदलला, बूट केलं, आणि जुन्या इनिटरॅमएफएसला त्याचं ओळखीचं हार्डवेअर दिसल्याबरोबर ईआरपी लॉगिनपर्यंत येऊन उभी राहिली.

आता घाई करायची नव्हती. आधी /बूटमध्ये जागा केली: जुने कर्नल हाताने न उडवता ‘पॅकेज-क्लीनअप’ने दोन ठेवून बाकीचे काढले, म्हणजे ग्रबच्या नोंदीही सोबत गेल्या. चालू इनिटरॅमएफएसची एक प्रत बाजूला ठेवली. मग ड्रॅकटला व्हर्टआयओचे तीन ड्रायव्हर नावाने सांगून, म्हणजे पीसीआय, ब्लॉक आणि स्कझी, फाइल परत बांधली. ‘एलएसइनिटआरडी’ने आत काय आहे ते उघडून तिन्ही दिसतात याची खात्री केली. जागा अपुरी असताना हे चालवलं तर हाती काहीच नीट लागत नाही, आणि ते कळतं ते पुढच्या बूटला. नंतर मशीन बंद, कंट्रोलर व्हर्टआयओ स्कझी, चालू. एलव्हीएम आपली पार्टिशनं आतल्या यूयूआयडीवरून ओळखतं, त्यामुळे नावांचा प्रश्न आला नाही. नेटवर्क कार्डाचं नाव इथेही बदललं होतं. तोवर ते अपेक्षितच होतं.

खरं तर हे सगळं टळू शकतं. जुन्या सर्व्हरवर व्हीएम चालू असतानाच ड्रॅकटला व्हर्टआयओचे ड्रायव्हर भरायला सांगितलं की झालं. जुन्या हार्डवेअरला त्याचा काही त्रास नाही, फाइल थोडी मोठी होते इतकंच.

दुपारी अकाउंट्सच्या मॅडम घरून जोडल्या गेल्या आणि त्यांनी एक नमुना चलन काढून पाहिलं. “तारीख बरोबर येतेय,” असं त्यांनी कळवलं. वेळेचं घड्याळ आम्ही तपासलं होतं, पण तपासणारं आणखी एक माणूस असलेलं बरं.

मधला एक तास: रूट वाढवणं

फाइल सर्व्हरची रूट २० जीबीची आणि भरत आलेली. आलोच आहोत तर वाढवून देऊ, असं ठरलं. प्रॉक्समॉक्समध्ये डिस्क ४० जीबी करायला एक क्लिक लागते. पार्टिशन वाढवायला मात्र मध्ये दोन अडथळे होते.

एक जीपीटीचा. एमबीआरची नोंद फक्त डिस्कच्या तोंडाशी असते. जीपीटीची एक प्रत तोंडाशी आणि दुसरी डिस्कच्या अगदी शेवटच्या सेक्टरला. डिस्क वाढवली की ही दुसरी प्रत मध्यात अडकून राहते, आणि पार्टेड विचारतो की सगळी जागा वापरलेली दिसत नाही, दुरुस्त करू का. यात घाबरण्यासारखं काही नाही. हो म्हणायचं, किंवा ‘एसजीडिस्क’ला मायनस ‘ई’ देऊन प्रत शेवटाला न्यायची.

दुसरा अडथळा स्वॅपचा. तो रूटच्या पाठीला चिकटून बसलेला, आणि पार्टिशन फक्त लगेच पुढच्या मोकळ्या जागेतच वाढू शकतं. स्वॅप बंद केला, ते पार्टिशन काढलं, ‘ग्रोपार्ट’ने दुसरं पार्टिशन वाढवलं, ‘रीसाइझ२एफएस’ने एक्स्ट४ ताणली, सगळं मशीन चालू असताना. स्वॅपसाठी रूटमध्येच एक फाइल केली आणि एफएसटॅबमधली जुनी नोंद बदलली.

इथे एक बारीक खोच आहे. डेबियन इनिटरॅमएफएसमध्ये लिहून ठेवतो की झोपलेलं मशीन कुठल्या स्वॅपवरून जागं करायचं. ‘इनिटरॅमएफएस-टूल्स’च्या सेटिंगमध्ये ‘रिझ्यूम’ नावाची फाइल असते, तिच्यात त्या स्वॅपचा यूयूआयडी. स्वॅप गेला, पण ही चिठ्ठी राहिली, तर प्रत्येक बूटला मशीन त्या नसलेल्या पार्टिशनची अर्धा मिनिट वाट बघतं आणि मग पुढे सरकतं. बिघाड नाही, पण सहा महिन्यांनी कुणीतरी ‘सर्व्हर स्लो झालाय’ म्हणून फोन करतं. त्या फाइलीत ‘नन’ लिहिलं आणि ‘अपडेट-इनिटरॅमएफएस’ चालवलं.

पुढच्या व्हीएमसाठी मांडणी

ईआरपीचा विक्रेता नव्या आवृत्तीवर येईल तेव्हा तिसरी व्हीएम बनवावी लागणार, म्हणून एक साचा तयार करून दिला. त्यातले निर्णय मतं म्हणून घ्यावेत.

फर्मवेअर यूईएफआय, पण जीपीटीवर दोन्ही सोयी: एक छोटं बायोस बूट पार्टिशन, ज्यात फाइलसिस्टिम नसते आणि ग्रबचा मधला तुकडा कच्चा ठेवलेला असतो, आणि एक ईएसपी. एमबीआर डिस्कवर हा तुकडा पहिल्या पार्टिशनच्या आधीच्या १ एमबीच्या मोकळ्या पट्ट्यात बसतो. जीपीटीत त्या पट्ट्याच्या सुरुवातीला तक्ताच असतो, म्हणून ग्रबला स्वतःची जागा लागते. दोन्ही पार्टिशनं ठेवली आणि ग्रब दोन्हीकडे बसवला की फर्मवेअर कुठलंही निवडलं तरी डिस्क बूट होते. डेबियनच्या तयार क्लाउड डिस्का अशाच असतात: बायोस बूटला क्रमांक १४, ईएसपीला १५ आणि रूटला १. क्रमांक १ असला तरी रूट डिस्कवर सगळ्यांच्या नंतर येते, म्हणजे डिस्क वाढली की तिला मोकळी जागा मिळतेच.

रूट शेवटी, हे त्यातलं खरं शहाणपण. स्वॅप फाइलमध्ये किंवा वेगळ्या छोट्या व्हर्च्युअल डिस्कवर. /बूट वेगळं करायचं कारण नसेल तर करू नये. करायचंच असेल तर निदान १ जीबी. डेटा नेहमी वेगळ्या व्हर्च्युअल डिस्कवर, आणि त्या डिस्कवर पार्टिशनचा तक्ताच न करता थेट फाइलसिस्टिम. पार्टिशन नसलं तर वाढवताना एक पायरी कमी होते, जीपीटीच्या शेवटच्या प्रतीचा प्रश्नच येत नाही. याला काही जण नाकं मुरडतात, कारण बिनतक्त्याची डिस्क एखाद्या साधनाला कोरी वाटू शकते. जिथे एकच प्रशासक आणि मोजून तीन व्हीएम आहेत तिथे मला तो धोका चालतो. फाइलसिस्टिम एक्सएफएस निवडली तर ती वाढते पण आकसत नाही हे आधी लक्षात घ्यावं आणि सुरुवात लहान करावी.

कर्नलच्या ओळीतून ‘क्वाएट’ काढलं आणि सिरियल कन्सोल जोडला. बूट अडकलं की शेवटची ओळ वाचता येणं हेच अर्धं काम असतं.

प्रत्येक व्हीएमच्या नोट्सच्या खान्यात, म्हणजे प्रॉक्समॉक्सच्याच पडद्यावर, फर्मवेअर कुठलं, डिस्क कंट्रोलर कुठला, आणि एफएसटॅबमध्ये यूयूआयडी तपासले की नाही, या तीन ओळी लिहिल्या. वेगळ्या एक्सेलमध्ये ठेवलेला तक्ता कधी खोटा झाला ते कळत नाही.

सोमवारी सकाळी टेम्पो वेळेवर निघाला. त्याच आठवड्यात बॅकअप रिस्टोअर करून पाहिला: दोन्ही व्हीएम नव्या क्रमांकावर, नेटवर्क केबल काढलेली, आणि फक्त बूट होतात का एवढंच बघायचं. ईआरपी उठली. फाइल सर्व्हरही उठला, आणि तिथे मघाचं नोफेलचं दुखणं दिसलं. ड्रॉइंगचा बॅकअप वेगळ्या नॅसवर (नेटवर्कवरच्या साठवणीवर) जातो म्हणून त्या डिस्कवरची प्रॉक्समॉक्सची बॅकअपची खूण काढलेली होती. त्यामुळे रिस्टोअर झालेल्या मशीनला ती डिस्कच नव्हती. नोफेलमुळे ते बिनतक्रार चालू झालं, फाइली नेटवर्कवर देणाऱ्या सांबानेही शेअर उघडलं, पण शेअरच्या मागे होती ती रूटवरची रिकामी डिरेक्टरी. खऱ्या आपत्तीत डिझाइनच्या मुलांनी त्यात नवी ड्रॉइंग टाकायला सुरुवात केली असती, आणि खरी डिस्क परत माउंट झाल्यावर ती सगळी तिच्याखाली झाकली गेली असती.

नोफेल काढलं नाही. त्याऐवजी ‘सिस्टमसीटीएल एडिट’ने सांबाच्या सेवेला ‘रिक्वायर्स-माउंट्स-फॉर’ची ओळ दिली आणि तिथे ड्रॉइंगच्या फोल्डरचा पत्ता घातला. आता ती डिस्क नसेल तर मशीन उठतं, एसएसएच मिळतं आणि सांबा सुरू होत नाही. पुन्हा रिस्टोअर करून पाहिलं, तसंच झालं.